आधी फ्रिज मोजा, मग केकचा आकार ठरवा

आईच्या ६०व्या वाढदिवसाला ४० माणसे घरी जेवायला येणार आहेत, स्वयंपाक आणि केक दोन्ही घरीच करायचे आहेत आणि हाताशी एक ओव्हन, एक फ्रिज व मदतीला धाकटी बहीण एवढेच आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तुमचा ६ इंची केक दर वेळी जमतो, पण तालीम म्हणून त्याच मिश्रणाचे सगळे जिन्नस तिप्पट घेऊन १० इंची केक केला तेव्हा कडा कोरड्या पडल्या, मधला भाग कच्चा राहिला आणि टिन बाहेर काढल्यावर केक खचला. त्यातच काही पाहुणे अंडे खात नाहीत आणि एका लहान मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. हे सगळे एका दिवसात कसे बसवायचे, हा तुमचा प्रश्न.

घरून ऑर्डरचे केक करायला लागून मला बरीच वर्षे झाली. या काळात फसलेली कामे आठवून पाहिली, तर हाताला कसब नव्हते म्हणून फसलेली थोडी आणि जागेचा व वेळेचा हिशेब न केल्यामुळे फसलेली जास्त. सुरुवातीच्या दिवसांत मी एक १० इंची केक मोठ्या हौसेने सजवला आणि रात्री दीड वाजता लक्षात आले, की १२ इंची पाटासकट तो फ्रिजमध्ये आडवा जातच नाही. मधला कप्पा उपसला, भाज्या बाहेर काढल्या, तरीही आत सरकवताना एका बाजूचे आयसिंग दाराच्या कडेला पुसले गेलेच. म्हणून तुम्हाला पहिला सल्ला पाककृतीचा नाही. मोजपट्टी घेऊन फ्रिजच्या कप्प्याची रुंदी, खोली आणि वरच्या कप्प्यापर्यंतची उंची मोजा, ओव्हनची आतली जाळी मोजा आणि टिनाच्या चारही बाजूंना निदान एकेक इंच मोकळी जागा राहते का ते पाहा, कारण गरम हवा फिरायला तेवढी वाट लागते. हे आकडे कागदावर आल्याशिवाय केकचा आकार ठरवू नका.

आता तुमचा केक का खचला ते पाहू. गोल टिनाचे माप इंचांत सांगितले जाते, पण मिश्रण पसरते ते क्षेत्रफळावर. ६ इंची टिनाचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच, ८ इंचीचे ५० आणि १० इंचीचे ७९ भरते. म्हणजे ६ वरून १० वर जाताना मिश्रण जवळपास २.८ पट लागते आणि तुम्ही तिप्पट घेतलेत, तेव्हा मापात फार मोठी चूक झालेली नाही. चूक आचेत आणि बेकिंग पावडरमध्ये आहे. लहान टिनात कडेपासून मध्यापर्यंतचे अंतर ३ इंच होते, ते ५ इंच झाले, पण ओव्हन १८० अंश सेल्सिअसवरच राहिला. कडेचा भाग वेळेवर भाजून पुढे सुकत गेला आणि मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला उशीर झाला. त्यात बेकिंग पावडरही तिप्पट पडली. केक उभा राहतो तो मैद्यातील स्टार्च आणि अंड्यातील प्रथिने उष्णतेने घट्ट होतात म्हणून. ती घट्ट होण्याआधीच वायूचे बुडबुडे फुगून एकमेकांत मिसळून फुटले, तर वर आलेला मधला भाग टेकू काढल्यासारखा खाली बसतो. मोठ्या टिनात मध्य उशिरा घट्ट होतो, म्हणून तिथे पावडर प्रमाणाहून थोडी कमीच घालावी लागते. मी स्वतः तिपटीच्या जागी अडीच पट घालते आणि ओव्हन १६० अंशांवर ठेवते. पंखा चालू असलेला ओव्हन असेल तर त्याहूनही २० अंश कमी. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. आत जाळीवर ठेवायचा साधा तापमापक एकदा लावून पाहा. बटण १८० सांगते आणि आत १६५ किंवा २०० असते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

इतके सांगूनही माझे मत असे, की तुम्ही १० इंची केक करूच नये. त्याऐवजी ८ इंची दोन थरांचा एक देखणा केक कापण्यासाठी करावा आणि उरलेल्या पाहुण्यांसाठी ९ बाय १३ इंचांच्या चौकोनी टिनात एक साधा केक वेगळा करून तो स्वयंपाकघरातच कापून ताटल्यांत मांडावा. १ इंच रुंद आणि २ इंच लांब तुकडा धरला तर ८ इंची केकचे २४ तुकडे सहज होतात आणि चौकोनी केकचे २ इंची चौरस तुकडे २४, थोड्या कडा उरतात त्या चाखायला. म्हणजे ४८ तुकडे, ४० माणसे आणि दुसऱ्यांदा मागणारी मुले. दोन्ही टिने फ्रिजच्या आणि ओव्हनच्या मापात बसण्याची शक्यताही जास्त असते. याहून मोठा फायदा असा, की चौकोनी केक पूर्णपणे बिनअंड्याचा केला, तर अंडे न खाणाऱ्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. त्यांच्यासाठी बाजूला एक लहानसा वेगळा केक ठेवण्यापेक्षा हे बरे दिसते. वेगळ्या ताटलीतला केक घेताना माणूस उगाच संकोचतो.

८ इंची थरांसाठी तुम्हाला गणित करावेच लागणार नाही. तुमचे ६ इंची केकचे मूळ माप, जे उंच करून मधून कापता, तेच एकदा जसेच्या तसे ८ इंची टिनात ओतले की एक थर भरतो. ते दोनदा करा, दोन थर झाले. दोन्हींचे मिश्रण एकदम करून दुसरे टिन बाहेर ताटकळत ठेवू नका. सोडा आणि आंबट पदार्थ एकत्र आले की वायू तिथल्या तिथे सुटायला लागतो आणि नुसत्या फेटलेल्या अंड्यांवर उभा राहणारा स्पंज तर दहा मिनिटेही थांबत नाही. पहिला थर ओव्हनमध्ये गेला की दुसऱ्याचे जिन्नस मोजायला घ्या. मोजायला म्हणजे वजनकाट्यावर. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम होतो आणि कप पिठात खुपसून दाबून भरला तर १५० च्या आसपास जातो. चार कपांत हा फरक १०० ग्रॅमच्या वर जातो आणि मग केक कोरडा झाल्याचा दोष ओव्हनला मिळतो. बटर आणि साखर फेटताना बटर बोट टेकवल्यावर खळगा पडेल इतके मऊ, पण चकाकी न आलेले असावे. १८ ते २० अंश हे त्याचे तापमान. वितळलेल्या बटरमध्ये हवा कोंडली जात नाही. मैदा घातल्यावर मात्र पीठ दिसेनासे होताच हात थांबवा, नाहीतर मैद्यातल्या प्रथिनांची, म्हणजे ग्लुटेनची, जाळी घट्ट होऊन केकमध्ये लांबट भोके पडतात.

टिनाच्या बाहेरून ओल्या सुती कापडाची घडी केलेली पट्टी गुंडाळून पिनने अडकवली तर कड सावकाश तापते आणि केक मध्ये टेकाडासारखा न फुगता सपाट येतो. यासाठी विकतची पट्टी लागत नाही, जुन्या टॉवेलची चालते. १७० अंशांवर असा थर साधारण अर्ध्या तासात होतो. पहिली २० मिनिटे दार उघडायचे नाही. काडी टोचून पाहण्याची पद्धत ठीकच आहे, पण टोचायचा तापमापक असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश दिसले की केक झाला असे समजा.

बिनअंड्याच्या चौकोनी केकसाठी माझे नेहमीचे माप देते. ३८० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅम साखर, ४८० ग्रॅम घट्ट पण ताजे दही, २४० मिलिलिटर वास नसलेले तेल, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, एक चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि व्हॅनिला. दही आणि साखर फेटून त्यात सोडा व पावडर घालायची आणि पाच मिनिटे थांबायचे. मिश्रण पातेल्यात वर चढते आणि त्यावर जाडसर फेस दिसतो. तो फेस आलाच नाही तर सोडा जुना आहे, पुढे जाऊ नका. मग तेल, मग चाळलेला मैदा दोन-तीन वेळा करून, आणि १७५ अंशांवर ३५ ते ४० मिनिटे. इथे सोडा जास्त वाटेल, पण दह्याचा आंबटपणा मारायला तो लागतो. साखर मात्र तब्येतीच्या नावाखाली निम्मी करू नका. साखर गोडीपुरती नसते, ती ओलावा धरून ठेवते. पाव हिश्शापर्यंत कमी केलेली चालते, त्यापुढे केकची जात बदलते आणि तो पावाकडे झुकतो.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीबाबत मी थोडी कडकच आहे. ‘त्याच्या तुकड्यावर घालणार नाही’ एवढ्याने भागत नाही. त्या दिवशीच्या स्वयंपाकात कुठेही शेंगदाणा, त्याचे कूट किंवा त्याचे तेल नको, म्हणजे कुणाच्या हातचा चमचा कुठे गेला याची काळजी करावी लागत नाही. चॉकलेट, बिस्किटे आणि सजावटीच्या गोळ्यांची वेष्टने वाचा. त्याच कारखान्यात शेंगदाणे हाताळले जातात अशी सूचना बारीक अक्षरांत असते. मिक्सरचे भांडे आणि चाळणी पुसून चालणार नाही, साबणाने धुवा. आणि मुलाच्या आईला आधी विचारा, बाकीच्या कवचाच्या सुक्यामेव्याचे काय. काही मुलांना तोही चालत नाही. जाता जाता आणखी एक: पाहुण्यांत एक वर्षाच्या आतले बाळ असेल तर मध घातलेले काहीही त्याला चाटवू नका. मधात बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तेवढ्या लहान आतड्यांना ते झेपत नाहीत. आणि कच्च्या केकचे भांडे चाटण्याची मुलांची हौसही या वेळी आवरा. अंड्याचे कारण सगळ्यांना ठाऊक असते, पण कच्च्या मैद्यातही रोगजंतू असू शकतात.

सजावटीत बाहेरचे हवामान तुमच्यासाठी आधीच निम्मा निर्णय घेऊन ठेवते. खोली गरम राहणार असेल तर फेटलेल्या क्रीमच्या वाटेला जाऊ नका, ते तासाभरात खाली सरकू लागते. बटरचे आयसिंगही तीस अंशांच्या आसपास मऊ पडते. अशा वेळी मी गडद चॉकलेटचे गनाश वापरते: वजनाने दोन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम, उन्हाळा कडक असेल तर अडीच भाग चॉकलेट. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचा घन भाग नसतो, म्हणून तिथे तीन ते चार भाग लागतात. क्रीमला कडेने बुडबुडे येताच ते बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटे हात लावू नका, मग मधून बाहेर असे हळूहळू ढवळा आणि झाकून रात्रभर बाहेरच ठेवा. सकाळी ते सुरीवर लोण्यासारखे येते. नुसते वितळलेले चॉकलेट वापरणार असाल तर भांडे, चमचा, हात सगळे कोरडे हवे. पाण्याच्या एका थेंबाने ते दगडासारखे गोठून रवाळ होते. म्हणूनच त्यात पाण्यातले रंग चालत नाहीत, तेलातले लागतात.

बहिणीने पाठवलेल्या छायाचित्रातला तो फुलाफुलांचा, तीन बाहुल्यांचा केक मी पाहिला असे समजा आणि बाजूला ठेवा. एक कल्पना निवडा आणि तीच नीट करा. आईला शिवणाची आवड आहे असे तुम्ही लिहिले आहे. मग साध्या गुळगुळीत केकवर कडेने टीप मारल्यासारखी बारीक रेघ आणि वर त्यांचे नाव, एवढे पुरे. नाव लिहिण्याचा सराव स्टीलच्या पालथ्या ताटावर करा. आयसिंग खरवडून परत पिशवीत भरता येते. नावातली अक्षरे मोजा आणि मधल्या अक्षरापासून लिहायला सुरुवात करा, आधी उजवीकडे, मग डावीकडचा भाग पूर्ण करा. पहिल्या अक्षरापासून सुरू करणाऱ्यांची शेवटची वेलांटी हमखास केकच्या कडेवरून खाली उतरते. लाल आणि काळा रंग आदल्या दिवशीच आयसिंगमध्ये मिसळा, कारण तो रात्रीतून गडद होतो. त्याच दिवशी हवा तसा गडद करायला गेलात तर इतका रंग पडतो की तो जिभेवर कडू लागतो. खरी फुले ठेवायची असतील तर ती खाण्याजोगी आहेत आणि त्यांच्यावर फवारणी झालेली नाही याची खात्री करा. कण्हेरीचे फूल दिसायला कितीही सुंदर असले तरी ते झाड विषारी आहे, त्याचा देठ केकमध्ये खोचणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. चमकीच्या डबीवर ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असणे आणि ती खाण्यायोग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवा.

कामाचा क्रम असा लावा. दोन्ही थर आठवडाभर आधी केले तरी चालतात. पूर्ण गार झाल्यावर प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून फ्रीझरमध्ये सपाट ठेवा आणि वापरण्याच्या आदल्या दिवशी गुंडाळलेलेच बाहेर काढा, म्हणजे दव वेष्टनावर धरते, केकवर नाही. दोन दिवस आधी गनाश आणि समभाग साखर-पाण्याचा पाक. आदल्या दिवशी दुपारी थरांवर पाक शिंपडून केक जोडायचा, गनाशचा पातळ हात फिरवून चुरा बसवून घ्यायचा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा आणि मग शेवटचा हात द्यायचा. चौकोनी केक आदल्या संध्याकाळी. वाढदिवसाच्या दिवशी ओव्हनला हात लावायचा नाही, तो जेवण गरम करायला मोकळा हवा. कापण्याआधी तासभर केक फ्रिजबाहेर काढा. थंड बटर जिभेवर मेणासारखे लागते. सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसून प्रत्येक काप घ्या.

जेवणाबद्दल थोडक्यात, पण एका मुद्द्यावर सविस्तर. भाताशिवाय आणखी दोन-तीन पदार्थ असतील तर माणशी ६० ते ७० ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो, म्हणजे ४० जणांना अडीच किलोच्या वर थोडा. मोठ्या पातेल्यात पाणी त्याच पटीत वाढवू नका, कारण वाफ होऊन उडणारे पाणी त्या पटीत वाढत नाही आणि भात चिकट होतो. मीठ आणि तिखट हिशेबाच्या पाऊण भागापासून सुरू करून चव घेत वाढवा.

सविस्तर मुद्दा गार करण्याचा. आदल्या दिवशी शिजवून ठेवण्याचा मोह तुम्हाला होणार आणि रश्शाच्या पदार्थांना तो योग्यही आहे, ते मुरल्यावर चांगलेच लागतात. पण दहा लिटरचे गरम पातेले झाकून ओट्यावर रात्रभर ठेवणे किंवा तसेच्या तसे फ्रिजमध्ये कोंबणे, दोन्ही घातक. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि खोल पातेल्याचा मध्य त्या पट्ट्यात कित्येक तास राहतो. फ्रिजमध्ये ठेवले तर शेजारचे दूध आणि तुमचे आयसिंगही तापते. भाताचे तर विशेष आहे. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत, कोमट भातात पुन्हा जागे होतात आणि त्यांनी केलेले एक विष भात परत गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून भात त्याच दिवशी करा. रस्सा आदल्या दिवशी केलाच तर तो उथळ भांड्यांत, दोन इंचांहून कमी थर राहील असा वाटून घ्या, परातीत बर्फाचे पाणी घेऊन त्यात ती भांडी ठेवून ढवळा आणि दोन तासांत फ्रिजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी नुसता कोमट न करता मधोमध निदान ७५ अंश होईपर्यंत, तापमापक नसेल तर सगळीकडून खळखळ उकळी येईपर्यंत गरम करा. आता सुरुवातीला कागदावर उतरवलेले फ्रिजचे मोजमाप पुन्हा काढा: केकचा डबा आणि ही उथळ भांडी एकाच रात्री आत मावतात का? मावत नसतील तर एक पदार्थ कमी करा किंवा शेजारच्या घरातला एक कप्पा आधीच मागून ठेवा. मी कित्येकदा मागितला आहे, त्यात कमीपणा काही नाही.

वाढून झालेले अन्न दोन तासांच्या आत, खोली फारच तापलेली असेल तर तासाभरात आवरून ठेवा. उरलेला चौकोनी केक मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. स्टार्च शिळा पडतो तो थंडाव्यात सगळ्यात लवकर, म्हणून फ्रिजमधला केक दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात तो बाहेर एक दिवस छान राहतो, त्याहून जास्त उरला तर तुकडे करून थेट फ्रीझरमध्ये टाका.